हवेतली शर्यत

नोरीन हेगर्टी खाटकाकडे सॉसेज आणायला गेली आणि रिकाम्या हातानं तणतणत बाहेर आली. झालं होतं एवढंच, की वजन करता करता खाटीक म्हणाला, "काय घोडी आहे गं तुझ्या बहिणीची! थोर म्हणायची ती, थोर!" त्याच्या मनात काही नव्हतं. पण 'तुझ्या बहिणीची' हे शब्द ऐकले आणि नोरीनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. टॅलबूल गावात तीस वर्षं ग्लेनिसची ओळख 'नोरीनची बहीण' अशी होती. नोरीनची बहीण, तिच्या तबेल्यात लीद काढते ती. आणि आता वर्षभरात नोरीनच ग्लेनिसची बहीण होऊन बसली होती. अडुसष्टाव्या वर्षी माणसाची ओळखच बदलून टाकायची, हा कुठला न्याय!

"थोर कशानं?" ती दारातून मागे वळून म्हणाली. "तीन वर्षांची पोर आहे. अजून दातसुद्धा पुरते आले नाहीत तिला."

"पण एकदाही हरली नाही ना ती."

"हरवायला समोर होतं कोण? तिच्याच वयाच्या चार भित्र्या पोरी!"

मागं उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. नोरीनवर हसल्या की तिच्या बोलण्यावर, ते काही कळलं नाही, आणि न कळल्यामुळे तिला जास्तच राग आला.

नोरीनच्या आयुष्यात थोर म्हणावी अशी एकच गोष्ट होऊन गेली होती. ब्लू लँटर्न. राखाडी रंगाची, लांब मानेची, तोऱ्यात चालणारी घोडी. लँटर्न सुटायची ती पहिली, आणि मग शेवटपर्यंत पहिलीच. मेलबर्नच्या मोठ्या शर्यतीत चिखल गुडघाभर झाला होता, शहरातल्या नावाजलेल्या घोड्यांची तोंडं मातीनं माखली होती, आणि लँटर्न मात्र आली तशी स्वच्छ परत गेली, कारण तिच्या पुढं चिखल उडवायला कुणी नव्हतंच. त्यानंतर नोरीनला नवरा मिळाला आणि निघूनही गेला, दोन्ही गुडघे बदलून झाले, तबेल्यातले घोडे कमी होत होत तीन उरले. तेही असे की त्यांच्यावर पैसे लावायला त्यांचे मालकसुद्धा धजत नसत. पण रेस क्लबच्या बारमध्ये, बाटल्यांच्या वर, सोनेरी अक्षरांत 'थोर' असा एक शब्द होता आणि त्याच्याखाली एकच नाव होतं. नोरीन रोज संध्याकाळी त्या नावाखाली बसून बिअर प्यायची. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नसे.

आणि आता म्हणे त्या नावाखाली दुसरं नाव लिहायचं!

घोडीचं नाव संडे बेस्ट, म्हणजे रविवारचे ठेवणीतले कपडे. नाव ऐकून वाटावं काय नटूनथटून येत असेल, तर दिसायला अगदी साधी. तपकिरी, ठेंगणी, कान दोन बाजूंना पडलेले. लिलावात कुणी हात वर केला नाही म्हणून ती ग्लेनिसकडे आली. ग्लेनिसचा तबेला रेसकोर्सच्या पलीकडच्या कडेला, पत्र्याचा, वाऱ्यानं खडखडणारा. नोरीनकडे पंधरा वर्षं राबून झाल्यावर एक दिवस ती म्हणाली होती, "मी आता माझं माझं बघते," आणि नोरीन खो खो हसली होती. आता त्या पत्र्याच्या तबेल्यासमोर टीव्हीवाल्यांच्या गाड्या उभ्या राहत. ग्लेनिस त्यांच्यासमोर त्याच मळक्या हॅटमध्ये यायची आणि विचारलं की सांगायची, "सगळं मी नोरीनकडे शिकले." लोकांना यात केवढा मोठेपणा दिसायचा! नोरीनला दिसायची निव्वळ मखलाशी. अगं, जिंकतेस तर जिंक मुकाट्यानं. वर माझ्यावर उपकार कशाला?

भिंतीवर नाव लिहायचं की नाही, यावर क्लबच्या बारमध्ये तीन आठवडे रण माजलं होतं. अध्यक्ष मर्व्ह, मऊ स्वभावाचा, पोट सुटलेला माणूस, मध्ये पडून पडून दमला होता. अर्धं गाव म्हणे, न हरलेली घोडी थोर नाही तर मग थोर कोण? अर्ध्या गावाला नोरीननं पढवून ठेवलं होतं.

"वजन कधी उचललंय तिनं?" नोरीन बोटं मोडून विचारायची. "लहान आहे म्हणून वजनात सूट, मादी आहे म्हणून सूट. पाठीवर पिसाचं ओझं घेऊन कोण पळणार नाही? मीसुद्धा पळेन!"

"तुझे गुडघे नवे आहेत म्हणून," कुणीतरी मागून म्हणालं आणि बार हसला.

"हसा! चिखलात पळालीय का कधी? मैलाच्या पुढं गेलीय का? मोठ्या वयाच्या घोड्याशी गाठ पडलीय का एकदा तरी? थोर म्हणे! उन्हात वाळत घातलेल्या मैदानावर पोरीसोरींना हरवायचं, आणि थोर!"

ग्लेनिस कोपऱ्यात लिंबूपाणी पीत बसलेली असायची. ती दारूला शिवत नसे, हेही नोरीनला टोचायचं. "नोरीन म्हणते ते खरं आहे," ती शांतपणे म्हणाली. "अजून तिची परीक्षा झालेली नाही."

झालं! भांडायला गेलेल्या माणसाला समोरच्यानं हो म्हणावं, याच्याइतका दुसरा अपमान नाही. नोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेव्हा मर्व्हला तोड सुचली. टॅलबूलच्या कपच्या, म्हणजे गावच्या मोठ्या शर्यतीच्या, आदल्या दिवशी क्लबचं दुपारचं जेवण असतं, आणि जेवणानंतर हवेतली शर्यत होते. या शर्यतीत खरं कुणीच पळत नाही. रेसकोर्सचा समालोचक क्लाइव्ह माइक हातात घेतो, दुर्बीण डोळ्यांना लावतो, आणि पत्र्याच्या भिंतीकडे बघत पंचक्रोशीतल्या आजवरच्या उत्तम घोड्यांची शर्यत सांगतो. जिवंत घोडे, मेलेले घोडे, सगळे ऐन उमेदीतले, एकाच मैदानात. लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडतात. वीस वर्षांपूर्वी पुरलेल्या घोड्यासाठी घसा फोडतात. मेलेल्या नवऱ्याच्या घोड्याचं नाव ऐकून रडणारी एक विधवाही आहे. कोण जिंकणार ते क्लाइव्ह ठरवतो, त्याला आधी कुणी विचारायचं नाही आणि नंतर कुणी भांडायचं नाही, हा जुना रिवाज. आणि जेव्हापासून लँटर्न त्या शर्यतीत आली, तेव्हापासून दरवर्षी लँटर्नच जिंकत आलेली. ती जिंकली की नोरीन उभी राहायची आणि सगळं गाव ग्लास वर करायचं. वर्षभराच्या जगण्याला तिला तेवढी एक दुपार पुरायची.

"यंदा संडे बेस्टला त्यात उतरवू," मर्व्ह म्हणाला. "जिंकली तर नाव लिहायचं. हरली तर विषय बंद. कबूल?"

"अटी कोण ठरवणार?" नोरीननं लगेच विचारलं.

"तूच ठरव बाई, आणि सोडव आम्हाला."

नोरीननं अटी घातल्या. दोन हजार मीटर, म्हणजे लँटर्नचं लाडकं अंतर. वजन सगळ्यांना सारखं, वयाची सूट नाही, कसलीच सूट नाही. आणि मैदान गुडघाभर चिखलाचं. ज्या शर्यतीत कुणी पळायचंच नाही, तीत लबाडी करणारी जगाच्या पाठीवर ती पहिलीच बाई असेल. बारमध्ये एकदोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ग्लेनिस म्हणाली, "चालेल."

एवढं पक्कं करूनही नोरीनला चैन नव्हतं. रोज पहाटे ती गाडी घेऊन रेसकोर्सच्या कुंपणाबाहेर, निलगिरीच्या झाडांआड जाऊन थांबायची आणि दुर्बिणीतून संडे बेस्टचा सराव बघायची. दोष शोधायला आले आहे, असं ती स्वतःला सांगायची. पाय वाकडा पडतो का? धाप लागते का? नजर तिची तयार होती, दोष असता तर पहिल्याच दिवशी सापडला असता. सापडलं ते वेगळंच. ही घोडी एकटी असली की आळशासारखी पळायची, इकडेतिकडे बघत. पण ग्लेनिस पुढं दुसरा घोडा सोडायची, आणि मग त्या पडक्या कानांच्या पोरीच्या अंगात काहीतरी यायचं. ती त्या घोड्याला गाठायची, अगदी खांद्याला खांदा लावायची, मान वळवून त्याच्या डोळ्यांत बघायची, आणि मगच पुढं जायची. जणू विचारून जायची. उभ्या आयुष्यात असली घोडी नोरीननं दुसरी पाहिली नव्हती.

तिनं दुर्बीण खाली ठेवली आणि मोठ्यानं शिवी हासडली. झाडावरचे गुलाबी काकाकुवे उडाले. कुणाला घातली ती शिवी, ते तिलाही सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं जिच्यासाठी झुरलो, ती घोडी देवानं नेऊन टाकली पत्र्याच्या तबेल्यात! आणि तीही ग्लेनिसच्या, जिला लहानपणी घोड्याच्या कुठल्या बाजूनं चढायचं तेही नोरीननंच शिकवलं होतं. हे नोरीनच्या घशाखाली उतरत नव्हतं.

जेवणाच्या दिवशी क्लबची शेड भरून गेली होती. भाजलेलं मेंढीचं मांस, भोपळा, पुदिन्याची चटणी, मग फळं लावलेला पाव्हलोवा केक. नोरीननं निळा कोट घातला होता, लँटर्नच्या जॉकीच्या सदऱ्याचा रंग तोच. तिला एक घास जात नव्हता. समोरच्या टेबलावर ग्लेनिस दोनदा भोपळा वाढून घेत होती.

ताटं उचलली गेली तसा क्लाइव्ह उठला. वाळलेला, उंच, खोकल्यागत हसणारा. त्यानं माइक घेतला, लोक गप्प झाले, आणि तो सरळ नोरीनपाशी येऊन थांबला.

"मी यात पडणार नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला याच गावात मरायचंय, आणि दोघींपैकी एकीनं तरी माझ्या मयताला यावं अशी इच्छा आहे. अटी नोरीनच्या, तर शर्यतही नोरीननंच सांगावी."

शेडमध्ये एकच गलका उठला. "हे बरंय!" कुणी ओरडलं. "मग पळवायचीच कशाला? आताच ग्लास वर करा की!"

"ग्लेनिस, तुझं काय म्हणणं?" मर्व्हनं घाम पुसत विचारलं.

"सांगू दे तिला," ग्लेनिस म्हणाली. "घोडे तिला कळतात."

क्लाइव्हनं दुर्बीण नोरीनच्या गळ्यात घातली आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "एक लक्षात ठेव. शर्यत हवेतली असली तरी घोडा जसा होता तसाच पळवायचा. जो कधी मागून आला नाही त्याला मागून आणायचं नाही. लोकांना लगेच कळतं."

"मला शिकवू नकोस," नोरीन म्हणाली. घबाड मिळालं होतं, घबाड! आता कुणाच्या मर्जीवर राहायला नको. ती उभी राहिली, दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर पत्र्याची भिंत, तीवर बिअरच्या जाहिरातीचा फाटका कागद.

"सगळे घोडे सुटायच्या फाटकांत गेलेत," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "मैदान चिखलाचं. आकाश काळं. आणि... सुटले!"

शेड गरजली. पहिला अर्धा मैल तर नुसती मजा होती. तोंड उघडलं की घोडे पळत होते. "ब्लू लँटर्न पुढं! कुणाला दुसरं काही वाटलं होतं का? दोन घोड्यांची लांबी, तीन घोड्यांची लांबी! चिखल मागच्यांच्या तोंडावर, लँटर्नच्या अंगावर एक थेंब नाही!" लोकांनी हॅट काढून फिरवायला सुरुवात केली. तिनं सगळ्यांच्या घोड्यांना थोडं थोडं पुढं आणलं, कुणाला नाराज केलं नाही. विधवेच्या नवऱ्याचा घोडा मधूनच दुसरा झाला आणि ती बाई खुर्चीवर चढून किंचाळली. संडे बेस्टला नोरीननं शेवटून तिसरी ठेवली होती, चिखल खात. "पोरीला हे वजन नवीन आहे!" ती म्हणाली, आणि लोक हसले, आणि नोरीनला फार बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं!

मग वळण आलं. वळणावर संडे बेस्टला पुढं आणायलाच हवं होतं. न हरलेली घोडी शेवटून तिसरी राहिली असती तर कुणी मानलं नसतं. "आणि आता संडे बेस्ट निघाली!" ती म्हणाली, आणि रोज पहाटे पाहिलेली ती चाल तिच्या डोळ्यांपुढं अशी सरसर आली की दुर्बिणीत खरंच दिसू लागली. पडलेले कान उभे झालेले. मान खाली. चिखलाची पर्वा नाही, वजनाची पर्वा नाही. एकेका घोड्याच्या खांद्याला जाऊन, त्याच्या डोळ्यांत बघून, पुढं. नोरीनला वर्णन करावंच लागत नव्हतं, तोंडातून आपोआप येत होतं. शेड वेडी झाली होती. आता पुढं एकटी लँटर्न उरली, आणि संडे बेस्ट तिच्या शेपटाशी आली.

नोरीननं तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

कारण लँटर्नची एक गोष्ट तिला ठाऊक होती, जी तिनं आजवर एकाही माणसाला सांगितली नव्हती. लँटर्नला बाजूला घोडा चालायचा नाही. पुढं एकटी असली की ती राणी होती. पण कुणी खांद्याला खांदा भिडवला की तिची हिंमत जायची. तशी वेळ एकदाच आली, तोवर तिला कुणी गाठूच शकलं नव्हतं. शेवटच्या शर्यतीत एका कुठल्याशा फडतूस तपकिरी घोड्यानं गाठलं. बाजूला आला, आणि लँटर्ननं कान मागं टाकले, पाय आखडले, आणि थांबली. अक्षरशः पळायची थांबली. नोरीननं वर्तमानपत्रांना सांगितलं, पाय दुखावला. घोडी निवृत्त झाली, आणि लोक हळहळले.

आता ती तपकिरी पोर लँटर्नच्या मागच्या पायाशी होती. अजून एक वाक्य, आणि ती बाजूला येणार होती. बाजूला येऊन मान वळवून बघणार होती. आणि मग काय होणार ते नोरीनला स्वच्छ दिसत होतं. घोडा जसा होता तसाच पळवायचा! शेडमधल्या कुणालाही ते माहीत नव्हतं. वाटेल ते सांगता आलं असतं. 'लँटर्न झुंज देतेय' म्हणायचं, बस्स! पण ती दोघींना शेजारी आणायला गेली आणि तिची जीभच उचलेना. मनातल्या मनातसुद्धा तिला तो कान मागं टाकलेला चेहरा परत बघायचा नव्हता.

"संडे बेस्ट बाहेर निघाली!" ती ओरडली. "सगळं मैदान ओलांडून पलीकडच्या कुंपणाकडे! जॉकीनं तिला तिकडे नेलंय, तिकडची जमीन घट्ट आहे! लँटर्न आतल्या कडेला, संडे बेस्ट बाहेरच्या कडेला! मध्ये सगळं मैदान! दोघी एकट्या! लँटर्न! संडे बेस्ट! लँटर्न! आणि लँटर्न... एका मानेच्या फरकानं!"

मग टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या, तक्रारीला जागा नव्हती. लोक उठले, ग्लास वर झाले, कुणी तिच्या पाठीवर थोपटलं. मर्व्हनं सुटकेचा श्वास टाकून सांगितलं की भिंत आहे तशी राहील. पण दरवर्षी लँटर्न जिंकली की एक आरोळी उठायची, ती आज उठली नाही. मागच्या टेबलावर कुणीतरी विचारत होतं, "पण ती पोर अशी एकटी कधी पळते?" आणि क्लाइव्ह खोकल्यागत हसत पाव्हलोवाचा उरलेला तुकडा शोधत होता. नोरीन उभी राहून मान डोलवत राहिली. जिंकलो, ती स्वतःला सांगत होती. जिंकलो ना? मग हे तोंड कडू का?

दुपार कलली तशी लोक पांगले. दुसऱ्या दिवशी खरी शर्यत होती, सगळ्यांना पहाटे उठायचं होतं. नोरीन गाडीपाशी किल्ल्या शोधत होती तेव्हा ग्लेनिस आली. हातात उरलेल्या भोपळ्याचा डबा.

"छान सांगितलीस," ती म्हणाली. "माझ्या अंगावर काटा आला."

"टोमणा मारायला आलीस?"

"नाही गं. एकच विचारायचं होतं. तिला पलीकडच्या कुंपणाला का नेलीस?"

"सांगितलं ना. तिकडची जमीन घट्ट होती."

"घट्ट होती तर लँटर्नला का नाही नेलीस? आपल्या घोडीला चिखलात ठेवून दुसऱ्याच्या घोडीला चांगली जमीन देणारी तू नव्हेस, नोरीन."

नोरीन किल्ल्या शोधत राहिली. किल्ल्या हातातच होत्या.

"माझी पोर बाजूला आल्याशिवाय पुढं जात नाही, हे तुला माहीत आहे," ग्लेनिस म्हणाली. "तुझी गाडी रोज पहाटे झाडांत दिसते मला. आणि लँटर्नच्या बाजूला आली असती तर काय झालं असतं, तेही तुला माहीत आहे. म्हणून तू तिला तिथं येऊच दिलं नाहीस. खरं सांगू? मला भिंतीवर नाव नकोच होतं. तू आज जे केलंस ना, त्याहून मोठा मान माझ्या पोरीला कुणी देऊ शकणार नाही."

"काय बडबडतेस? लँटर्नचा पाय—"

"पायाला काही झालं नव्हतं." ग्लेनिसनं हे अगदी हळू आवाजात सांगितलं, आजूबाजूला कुणी नसतानाही. "दोन महिने त्या पायाला पट्ट्या मीच बांधत होते. हात लावला की कळतं. पाय ना सुजलेला, ना गरम. तू बांधायला सांगितलंस म्हणून बांधल्या. वार्ताहर आले की त्यांना दाखवायच्या म्हणून जाड बांधल्या."

तीस वर्षं! तीस वर्षं ही कोपऱ्यात बसून लिंबूपाणी पीत होती, आणि नोरीन त्या नावाखाली बसून मान वर करत होती. हिनं एक शब्द उच्चारला असता, एक, तर ते सोनेरी अक्षर कधीच खरवडलं गेलं असतं. या तीन आठवड्यांत तर उच्चारायला हवाच होता. हिच्या जागी नोरीननं उच्चारला असता. पहिल्याच संध्याकाळी, बारमध्ये, खुर्चीवर उभं राहून.

"मग बोलली का नाहीस?" ती ओरडलीच. "माझी दया आली तुला? माझी?"

ग्लेनिसला हा प्रश्न खरंच कळला नसावा. तिनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तुझा काय संबंध?" ती म्हणाली. "लँटर्नसाठी गप्प राहिले. घाबरली होती बिचारी. त्या दिवसानंतर कितीतरी रात्री मी तिच्याजवळ गवतावर झोपले, तेव्हा कुठं तिचं थरथरणं थांबलं. तू वार्ताहरांबरोबर असायचीस." आणि मग, जणू उद्याच्या हवेबद्दल बोलावं तसं, "मला तर ती थोरच वाटते. अजूनही."

एवढं बोलून ती आपल्या गाडीकडे गेली. उद्या कप होता, घोड्यांना दाणा द्यायचा होता.

नोरीन गाडीत बसली, पण गाडी सुरू केली नाही. संडे बेस्ट गेली तर जाऊ दे, टीव्हीवाले जाऊ देत, गावही जाऊ दे ग्लेनिसचं होऊन. आजवर तिला वाटायचं, निदान लँटर्न तरी आपली एकटीची आहे.